से कॅथेड्रल : आधी नाव वाचा

जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलसमोर उभे राहिले की नजर त्या एकुलत्या मनोऱ्याकडे जाते. (जोडीचा १७७६ मध्ये कोसळला, पुन्हा बांधलाच नाही.) माझ्या मते आधी नाव पाहावे. ही वास्तू संत कॅथरिनला अर्पिलेली आहे, कारण २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्याच सणादिवशी, आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला. म्हणजे १५६२ मध्ये बांधावयास घेतलेले हे प्रार्थनास्थळ विजयस्मारकही आहे. मनोऱ्यातील सुवर्णघंटा इन्क्विझिशनच्या जाहीर शिक्षासोहळ्यांतही वाजे. हे सांगितल्याने वेदीवरील सोनेरी कोरीवकामाचे सौंदर्य उणावत नाही. आज तेथे प्रार्थना करणाऱ्या गोमंतकीयांकडे त्याचा दोषही जात नाही. मात्र केवळ भव्यतेचे कौतुक सांगून वाटाड्या पुढे निघाला, तर त्याला थांबवा आणि विचारा : कॅथरिनच का?