पावतीवर नसलेला आकडा

उसाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर रिकामा झाला की शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. रेठऱ्याला, साखराळ्याला, कुंडलला, कुठेही. पावतीवर गाव असते, उसाची जात असते, वाहनाचा नंबर असतो, निव्वळ वजन असते. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, नसतो. उसाचा दर मात्र उताऱ्यावर ठरतो.

2025-26 च्या हंगामाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर) 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये आहे. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे. हा पायाभूत उतारा पूर्वी साडेआठ होता. मग साडेनऊ झाला, 2018-19 ला दहा, 2022-23 ला सव्वादहा. पाया वर सरकला की वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण ज्या उताऱ्याची या पायाशी तुलना होते तो कुणाचा, हे फारसे कुणी विचारत नाही. तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी उतारा असतो. ज्याच्या उसाचा उतारा त्या सरासरीपेक्षा एक टक्क्याने सरस, त्याचे शंभर टनांमागे 34,600 रुपये सरासरीत जिरतात. किती जिरले, हे त्याला कधीच कळत नाही.

ते कळणे का गरजेचे, हे उद्योगांच्या अनुभवातून दिसते. उद्योगांनी एकमेकांशी तुलना करून शिकण्याच्या पद्धतीला बेंचमार्किंग म्हणतात. झेरॉक्स कंपनीने 1979 मध्ये जपानी यंत्रांशी आपल्या यंत्राच्या खर्चाची तुलना केली, तिथून या शास्त्राने जोर धरला. पुढे त्याच कंपनीने गोदामातली कामाची पद्धत शिकायला कपडे-बूट विकणाऱ्या एल. एल. बीनचे गोदाम अभ्यासले. या प्रवासातला धडा सरळ आहे. शेवटच्या आकड्यावरून आपण मागे आहोत एवढेच कळते. का मागे आहोत, ते काम जिथे होते तिथे मोजल्यावरच कळते.

आपल्या कारखान्यांना हे नवे नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांची तांत्रिक कामगिरी तपासून दरवर्षी पुरस्कार देते. बगॅसमधून किती साखर गेली, मळीतून किती गेली, याचा हिशेब प्रयोगशाळेत रोज लिहिला जातो. हा सगळा काटेकोरपणा गव्हाणीच्या आतला आहे. साखर तर शेतात तयार होते, आणि तिथे आपण फक्त टन मोजतो. एकरी शंभर टन ही आपल्याकडची प्रतिष्ठा. ऊसभूषण पुरस्कारही हेक्टरी उत्पादनावरच मिळतो.

याचा परिणाम उसाच्या एका जातीबाबत दिसला. सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्राची 265 ही जात 2007 मध्ये आली. वजन देते म्हणून शेतकऱ्यांनी ती लावली. उतारा कमी म्हणून अनेक कारखान्यांनी तिला तोडीत मागे ठेवले. दोघांचे मोजमाप वेगळे होते, म्हणून दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. हा वाद पावतीवरच्या एका आकड्याने मिटवता आला असता.

ऑस्ट्रेलियात शेतकऱ्याच्या खेपेचा रस तपासून साखरेप्रमाणे दर देतात, आणि ऊस हंगामात कधी तुटला हेही हिशेबात धरतात. ब्राझीलमध्येही पुरवठादाराच्या उसातली साखर मोजतात. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, ट्रॉल्या असंख्य, ही अडचण खरी आहे. तोडीची तारीख शेतकऱ्याच्या हातात नसते, तुटलेला ऊस फडात वाळला तर दोष त्याचा नसतो, हेही खरे. म्हणून लगेच प्रत्येकाला वेगळा दर द्या, असे म्हणणे नाही. आधी आकडा दाखवा, एवढीच मागणी आहे.

तोडीचा क्रम लावताना रिफ्रॅक्टोमीटरने फडातल्या उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घटकांचे (मुख्यतः साखरेचे) प्रमाण, पाहण्याची पद्धत आहेच. तो आकडा शेतकऱ्याला लेखी द्या. गटवार, जातवार सरासरी गावच्या शेती ऑफिसच्या फळ्यावर लावा. तोडीची तारीख आणि गाळपाची तारीख शेजारी लिहा. मग शेजारच्या फडात काय वेगळे केले, हे शेतकरी स्वतः जाऊन विचारेल: बेणे कुठले, शेवटचे पाणी कधी तोडले, नत्र किती दिले. तोड उशिरा का आली, हेही तो कारखान्याला विचारेल. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायची तयारी कारखान्यानेही ठेवली पाहिजे.

कृष्णाकाठचे सहकारी कारखाने सभासदांच्या मालकीचे आहेत. आपल्या मालात साखर किती, हे मालकाला कळत नसेल तर त्या मालकीला अर्थ उरत नाही. पुढच्या हंगामाच्या पावतीवर एक रकाना वाढवायचा आहे. यंदाच्या वार्षिक सभेत सभासदांनी तो मागावा.