गो खेळांतील पुनरावृत्तीचा प्रश्न

चीनमध्यें जन्मलेल्या व जपानांत विशेष बहरास आलेल्या ‘गो’ या खेळाच्या पटावर उभ्या १९ आणि आडव्या १९ रेघा असून, त्यांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळे व पांढरे खडे मांडावयाचे असतात. प्रतिपक्षाच्या खड्यालगतच्या सर्व मोकळ्या जागा बुजविल्या कीं तो उचलावयाचा. नियम इतका सोपा. तथापि त्यांतूनच एक पंचाईत उद्भवते. काळ्यानें एक खडा उचलावा, पांढऱ्यानें लागलीच तो उचलणारा खडाच उचलावा, पुन्हां काळ्यानें तेंच करावें, असें कल्पांतापर्यंत चालूं शकेल. या स्थितीस जपानी लोक ‘को’ म्हणतात. कल्पांत हा शब्द आम्हीं उगाच योजिला नाहीं. ‘को’ ज्या चिनी अक्षरानें लिहितात, तें बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांनीं आपल्या ‘कल्प’ या शब्दासाठींच वापरलें होतें.

एकट्या ‘को’वरील उपाय सर्वांस मान्य आहे. ज्याचा खडा गेला त्यानें तत्काळ परत उचलूं नये. मध्यें एक चाल अन्यत्र खेळावी. परंतु पटावर असे तीन ‘को’ एकदम उभे राहिले, तर एका ठिकाणीं मनाई असतां दुसऱ्या ठिकाणीं उचलतां येतें, आणि सहा चालींनीं पट होता तसा होतो. नियम मात्र कोणीच मोडलेला नसतो!

येथें निरनिराळ्या नियमावल्यांच्या वाटा फुटतात. जपानच्या १९८९ च्या नियमांप्रमाणें संपूर्ण पटाची स्थिति पुन्हां तीच आली व उभयतांची संमति असली, तर डाव निकालाविना संपतो. अमेरिकन गो असोसिएशनच्या व न्यूझीलंडच्या नियमांत, त्याच खेळाडूची पाळी येईल अशा रीतीनें जुनी स्थिति पुन्हां आणणेंच निषिद्ध आहे. ट्रॉम्प-टेलर नियम याहून कडक. पाळी कोणाचीही असो, जुना पट पुन्हां दिसतां कामा नये. चिनी नियमपुस्तकांतही मनाईच लिहिलेली आहे, परंतु व्यवहारांत तीन ‘को’ निघाल्यास तेथील पंच बहुधा डाव निकालाविना सोडतात. लिहिलेला नियम व पाळलेला नियम यांतील हें अंतर आम्हांस बोलकें वाटतें.

मनाईचा नियम नीटनेटका दिसतो खरा. पण त्याचा भार कोणावर पडतो तें पाहावें. तीन ‘को’च्या फेऱ्यांत ज्यानें आरंभ केला त्याच्या चाली पहिली, तिसरी व पांचवी. सहावी चाल प्रतिपक्षाची, आणि फेरा पुरा करणारी म्हणून नेमकी तीच निषिद्ध! त्यानें अन्यत्र कांहीं धाक घालावा, तो नसेल तर आपले खडे गमवावे. त्याचा अपराध कोणता? चिनी बुद्धिबळांत सतत शह देणाऱ्यासच चाल बदलावी लागते. शोगीमध्यें तर तो हरतो. तें योग्यच, कारण तेथें आग्रह कोणाचा हें उघड असतें. येथें दोघेही सारखेच अडकलेले असतात.

उलट पक्षीं, जपानी रीतींत हरत चाललेल्या खेळाडूस निसटावयाची एक वाट मिळते, हें आम्ही नाकारीत नाहीं. सामन्यांच्या व्यवस्थापकांचीही अडचण होते. २०१२ साली सॅमसंग चषकांत गु ली व ली सेडोल या दोन महान खेळाडूंचा डाव चार ‘को’मुळें निकालाविना राहिला. परंतु त्यामुळें त्या दोघांच्या कीर्तीस बाध आल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तीन ‘को’ अशुभ मानण्याचीही प्रथा आहे. १५८२ मध्यें ओदा नोबुनागापुढें असा डाव झाला व लागलीच होन्नो-जी मंदिरांत त्याचा घात झाला, अशी आख्यायिका सांगतात. त्या डावाची म्हणून जी नोंद उपलब्ध आहे, तींत मात्र तीन ‘को’ दिसत नाहींत.

यंत्रास मागील प्रत्येक पट स्मरतो. त्याच्यासाठीं मनाईचा नियम सोयीचा आहे. बांकावर बसून खेळणाऱ्या दोन मुलांस तसें स्मरण कोठून असणार? त्यांनीं, आमच्या मतें, जपानी रीत पत्करावी, पहिला खडा ठेवण्यापूर्वींच तसें ठरवून घ्यावें, आणि असा प्रसंग आलाच तर खडे गोळा करून नवा डाव मांडावा.