कंपनीची गाडी फुकट मिळत नाही

गेल्या दिवाळीत सोलापूरला बहिणीकडे गेलो होतो. पेढीवरचे वहीपूजन आटोपून मंडळी घरी आली आणि भाच्याने माझ्यापुढे एक पत्र ठेवले. तीन पिढ्या कापडाच्या व्यापारात असलेल्या या घरातला तो पहिला नोकरदार. पुण्यात यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीत तो आहे. चाकण, सांगली, कोल्हापूर येथील कारखान्यांत त्याची सतत ये-जा असते. बढती देताना कंपनीने त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. पगारात दरमहा ४०,००० रुपयांची वाढ घ्यावी, किंवा कंपनीच्या मालकीची १२ लाखांची गाडी घ्यावी. पेट्रोल, विमा आणि देखभाल कंपनीकडे.

दाजींचा निर्णय आधीच झाला होता. ते म्हणाले, "अहो, तुम्ही बँकेतले. तुम्हीच सांगा त्याला. फुकटची गाडी कोणी सोडतं का?"

मालाची पडतळ काढल्याशिवाय भाव न सांगणारे हे गृहस्थ गाडीच्या बाबतीत मात्र पडतळच विसरले, याची मला गंमत वाटली. मी कागद मागवला आणि आम्ही हिशेबाला बसलो. तो हिशेब आपल्या अनेक घरांना उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

नोकराला पगाराव्यतिरिक्त मालकाकडून जी सोय मिळते तिला प्राप्तिकराच्या भाषेत 'परक्विझिट' म्हणतात. त्या सोयीचे मूल्य ठरवून ते पगारात मिळवले जाते आणि त्यावर कर लागतो, मग करप्रणाली जुनी असो वा नवी. गाडीचे मूल्य कसे ठरवायचे हे १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील तिसऱ्या नियमात दिलेले आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ते असे : गाडी काही अंशी कामासाठी आणि काही अंशी खासगी वापरासाठी असेल व सर्व खर्च कंपनी करीत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला दरमहा १,८०० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २,४०० रुपये. कंपनीने चालक दिला तर आणखी ९०० रुपये. घर ते कार्यालय हा प्रवास कायद्याने लाभ मानलेला नाही.

भाच्याचे उत्पन्न २४ लाखांच्या वर, म्हणजे नव्या प्रणालीत वरच्या टप्प्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२ टक्के. गाडीचे इंजिन १.५ लिटरचे आणि चालवणारा तो स्वतः. वर्षाचे मूल्य २१,६०० रुपये आणि त्यावरचा कर सुमारे ६,७३९ रुपये. उलट पगारवाढ घेतली तर वर्षाच्या ४,८०,००० रुपयांवर १,४९,७६० रुपये कर जाऊन हातात ३,३०,२४० रुपये उरतात. त्यातून गाडीचा हप्ता, विमा आणि खासगी वापराचे पेट्रोल त्यानेच भागवायचे. मात्र गाडी त्याच्या मालकीची होते.

"पाहिलंत?" दाजी खूश झाले. "सहा-सात हजारांत बारा लाखांची गाडी! आणि ती काही पुण्यात ठेवायची नाही. इथेच राहील. हिला देवदर्शनाला, सुनेला माहेरी जायला उपयोगी पडेल. हा मेट्रोने जाईल. कामाला लागलीच तर भाड्याची गाडी करील."

भाचा मान खाली घालून बसला होता. खरा प्रश्न त्याच्या मनात हाच होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

मी दाजींना म्हटले, "दाजी, कर गाडीवर नाही, गाडीच्या वापरावर आहे. वापर बदलला की हिशेब बदलतो." गाडी केवळ खासगी कामासाठी वापरली, तर १,८०० रुपयांचा आकडा लागू होत नाही. मग कंपनीचा त्या गाडीवरचा प्रत्यक्ष खर्च आणि गाडीच्या किमतीच्या दरसाल १० टक्के झीज, असे सारे मूल्य पगारात धरावे लागते. १२ लाखांवर झीज १,२०,००० रुपये. पेट्रोल, विमा, दुरुस्ती मिळून वर्षाला १,२०,००० रुपये धरले, तर एकूण २,४०,००० आणि कर ७४,८८० रुपये. त्याच गाडीचा कर अकरा पट झाला.

"पण कंपनीला कळणार कसं?" दाजींनी विचारले.

कळेल किंवा कळणारही नाही. पण ६,७३९ रुपयांचा कर धरला जावा म्हणून 'गाडी कामासाठीही वापरतो' असे कंपनीला सांगणार कोण? हा मुलगा. त्यावर सही त्याची. मालकाला खोटे सांगून वाचवलेले ६८ हजार रुपये उद्या त्याची नोकरी घेऊन जाऊ शकतात. पेढीवरच्या मुनिमाने असे केले तर आपण त्याला ठेवू का, एवढेच मी विचारले. दाजी काही बोलले नाहीत.

आणखी एक खर्च बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांनी कंपनी ती गाडी नोकराला कमी किमतीत देऊ करते. तेव्हा मूळ किमतीतून पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी घटत्या शिलकीवर २० टक्के वजा करून मूल्य काढतात. १२ लाखांच्या गाडीचे तीन वर्षांनंतरचे मूल्य ६,१४,४०० रुपये येते. कंपनीने ती २ लाखांत दिली, तर फरकाचे ४,१४,४०० रुपये त्या वर्षाच्या पगारात मिळवले जातील आणि सुमारे १,२९,२९३ रुपये कर लागेल. दोन लाखांची म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात ३,२९,००० रुपयांच्या पुढे पडते. तोही सौदा वाईट असेलच असे नाही. पण रक्कम आधी बाजूला काढून ठेवलेली असावी.

मग बोलणे साहजिकच दाजींच्या स्वतःच्या पेढीकडे वळले. पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाल्यापासून दाजी संचालक म्हणून पगार घेतात आणि दोन्ही गाड्या कंपनीच्या नावावर आहेत. एक ते वापरतात, दुसरी घरची मंडळी. आपल्याकडे हे चित्र घरोघरी दिसते. येथेही नियम तोच आहे. एका नोकराला किंवा त्याच्या घरच्यांना एकाहून अधिक गाड्या वापरायला दिल्या असतील, तर एकाच गाडीला दरमहाचा ठरावीक आकडा मिळतो. बाकीच्या गाड्या केवळ खासगी वापराच्या मानून चालकाच्या पगारासह पूर्ण खर्च आणि १० टक्के झीज धरावी लागते. त्यावरचा कर पगारातून कापण्याची जबाबदारी कंपनीची, म्हणजे पुन्हा आपलीच. भागीदारी पेढीत भागीदार हा नोकर नसल्याने हा नियम लागत नाही. मात्र खासगी वापराच्या प्रमाणात गाडीचा खर्च आणि घसारा नामंजूर होऊ शकतो.

गाडी निव्वळ कामासाठीच असेल, तर मूल्य शून्य धरता येते. त्यासाठी प्रत्येक प्रवासाची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंदवही हवी, तसेच मालकाचे प्रमाणपत्र हवे. रुपयाची नोंद चुकू न देणाऱ्या आपल्या घरांत ही वही मात्र क्वचित आढळते.

वर दिलेले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने पुढील वर्षांसाठी दर आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावेत. विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतील : गाडी प्रत्यक्षात कोण वापरणार, कशासाठी वापरणार, नोंद कोण ठेवणार आणि नोकरी सुटली तर गाडीचे काय होणार?

भाच्याने अखेर गाडीच घेतली आणि ती पुण्यातच ठेवली. परवा तो घरी आला, तेव्हा मी गाडीत डोकावून पाहिले. पुढच्या कप्प्यात लाल कापडी बांधणीची लहानशी वही होती. पेढीवरच्या वह्यांच्या गठ्ठ्यातली एक दाजींनी स्वतः काढून त्याला दिली होती. पहिल्या पानावर तारीख होती, चाकणचे किलोमीटर होते आणि खाली, वेगळ्या रकान्यात, 'खासगी : सोलापूर, आईला भेटायला' अशी नोंद होती.