सोप्या वाटेचे औषध

‘माउंटन बाइकिंग’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गुडघ्या-कोपरांना ढाली बांधून कड्यासारख्या उतारावरून उडी घेणारा तरुण. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ब्रिटनमध्ये अशा सायकलवाटांना अवघडपणानुसार रंग दिलेले असतात. हिरवी वाट सर्वांत सोपी, त्यानंतर निळी, मग लाल आणि सर्वांत कठीण ती काळी. हिरव्या वाटेला चढ-उतार बेताचे असतात. ती झाडीतून, तळ्याकाठून जाते आणि नवख्यालाही पेलते. चर्चा होते ती काळ्या वाटेवरच्या कसरतींची. समाजाच्या आरोग्याच्या दृष्टीने मात्र मोल आहे ते हिरव्या वाटेचे.

अशी वाट शोधायला महाराष्ट्राला परदेशी जाण्याची गरज नाही. मुंबईहून समुद्रमार्गे तासाभरात गाठता येणारे मांडवा हे तिचे जवळचे उदाहरण आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि सायकलसकट खाडीपार जाणे सोपे झाले. मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीमकडे जाताना गावे जोडणारे अरुंद रस्ते आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या वाटा आहेत, किनाऱ्यालगत सुरूची बने आहेत आणि पूर्वेला कनकेश्वराचा झाडीने भरलेला डोंगर आहे. पावसाळ्यानंतर गावतळी भरलेली असतात. बरेच पुढे गेले की तीनविरा आणि उमटे ही धरणे आहेत. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे प्रसिद्ध निरीक्षण १९३० मध्ये किहीमलाच केले होते. रुंद टायरची, गिअर असलेली साधी सायकल या वाटांना पुरेशी होते.

हे सारे हौशी मंडळींच्या सुटीपुरते वाटेल, पण आकडे वेगळे सांगतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मधुमेहपूर्व अवस्थेच्या बाबतीत तर शहर आणि गाव यांत फरकच उरलेला नाही, असे त्यातून दिसते. त्यामुळे व्यायामाचा प्रश्न मुंबईहून बोटीने येणाऱ्यांचा जेवढा आहे, तेवढाच तो सासवणे-झिराडच्या रहिवाशाचाही आहे. पूर्वी शेतावर, बंदरावर आणि बाजाराला पायी किंवा सायकलने जाणारा माणूस आता दुचाकीची किल्ली फिरवतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही. सायकल चालवताना शेजारच्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही त्याची खूण. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांच्या नाडीचा वेग औषधामुळे दबलेला असतो. त्यांनी मनगटावरच्या घड्याळातील आकड्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी मानावी.

सोप्या वाटेवरच्या सायकलीने शरीरात काय घडते? मांडीचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्शुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. व्यायाम संपल्यावरही पुढचा दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ स्नायू इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात. म्हणूनच रविवारी एकदाच चार तास दमण्यापेक्षा एक दिवसाआड चाळीस मिनिटे चालवणे अधिक उपयोगी. शरीराचे बरेचसे वजन सीटवर येत असल्याने गुडघ्यांवरचा भार धावण्याच्या तुलनेत कमी राहतो. अट एवढीच, की सीटची उंची योग्य हवी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार खाली असेल तर वाटीच्या हाडामागे दुखू लागते आणि दोष मात्र सायकलीला दिला जातो. कच्च्या वाटेवर तोल सांभाळताना पाठ-पोटाचे स्नायूही कामाला लागतात.

झाडी आणि पाणी यांचा वेगळा लाभ होतो का, हा प्रश्नही शास्त्रज्ञांनी तपासला आहे. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपले आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण मुळात धडधाकट असलेली माणसेच बाहेर अधिक पडत असतील. पण व्यायामाबाबत खरी अडचण सुरुवातीची नसते, टिकवण्याची असते. जिथे जावेसे वाटते तिथे माणूस पुन्हा जातो. ‘रोज व्यायाम करा’ हा सल्ला बाह्यरुग्ण विभागात दिवसभर दिला जातो आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरला जातो. तो पाळला जावा असे वाटत असेल, तर सल्ल्याबरोबर जागाही दाखवावी लागते.

सोपी वाट म्हणजे निष्काळजीपणाची वाट नव्हे. हेल्मेट सपाट रस्त्यावरही हवेच. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येणे असा त्रास असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. मार्च ते मे या काळात सकाळी नऊच्या आत परतणे शहाणपणाचे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नये. पायावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरू शकतात. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर आपण अशा पाण्यातून गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सर्पदंश झाल्यास दोरी आवळणे, चिरा देणे किंवा जखम चोखणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

एवढी काळजी सायकलस्वार घेऊ शकतो. वाट टिकवणे मात्र त्याच्या एकट्याच्या हातात नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि मुंबईची मोटार अलिबाग तालुक्याच्या अधिक जवळ आली. रेवस-करंजा पूल झाला की ती आणखी जवळ येईल. पूल हवेत, त्यांनी रुग्णही लवकर पोहोचतील. पण ज्या अरुंद रस्त्यावर आज शाळकरी मुलगी, माशांची पाटी घेऊन निघालेली कोळीण आणि सायकलस्वार एकाच वेळी मावतात, त्यावर भरधाव गाड्या आल्या की आधी सायकल जाते, मग पायी चालणारा. बंगल्यांच्या कुंपणभिंती वाढल्या की तळ्याकडे आणि किनाऱ्याकडे जाणारी वहिवाटीची पायवाटही बंद होते. वाट एकदा बंद झाली की ती परत मिळवायला कोर्टकचेरीत वर्षे जातात.

म्हणून आत्ताच काही गोष्टी व्हायला हव्यात. मांडवा ते किहीम परिसरातील वहिवाटीच्या वाटा ग्रामपंचायतींनी नोंदवून नकाशावर आणाव्यात. सोप्या वाटांना हिरवी खूण करावी, लांबी आणि चढ लिहावा. गावठाणातून जाणाऱ्या रस्त्यांवर वाहनांचा वेग बांधून द्यावा. धरण आणि तळ्याकाठी सायकलीला वाट असावी, पण प्लास्टिक आणि पार्ट्यांना नसावी, कारण उमटे धरणाचे पाणी तालुक्यातल्या अनेक गावांच्या पिण्यात जाते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक वाटेच्या तोंडाशी ठळक लिहावा. यासाठी नवे रस्ते बांधावे लागत नाहीत, आहेत ते राखावे लागतात. आणि या वाटा पाहुण्यांसाठी म्हणून आखू नयेत. आवासच्या मधुमेही शेतकऱ्याला आणि चोंढीच्या गृहिणीला संध्याकाळी निर्धास्तपणे सायकल बाहेर काढता आली, तर मुंबईहून येणाऱ्याला ती आपोआपच मिळेल.

औषधाचा खर्च दर महिन्याला करावा लागतो आणि रोग वाढला की मात्राही वाढते. चार किलोमीटरची सावलीची वाट एकदा राखली की पिढ्यान्‌पिढ्या पुरते. मांडव्याजवळ ती अजून शिल्लक आहे. ती कुंपणाआड जाण्यापूर्वी तिच्यावर हिरवी खूण उमटली पाहिजे.