एक कोयता म्हणजे किती?

दोस्तांनो, आज घरी एक गंमत करा. आईला विचारा, 'चाकू कुठला आणि सुरी कुठली?' मग हाच प्रश्न शेजारच्या काकूंना विचारा. उत्तरं जुळली तर नशीब!

सुरी आपली जुनी, संस्कृतातल्या 'छुरिके'ची नात. चाकू फारसीतून आला आणि इथलाच झाला. सुरीनं सफरचंद कापतात, पण तिचा नुसता 'सुरा' केला की अंगावर काटा येतो. विळी-विळ्याचं तसं नाही. विळी घरात बसून भाजी चिरते, विळा रानात गवत कापतो. त्याचं भोपळ्याशी तेवढं पटत नाही, म्हणून तर 'विळ्याभोपळ्याचं सख्य'! आणखी एक बघा. चाकू भाजीवर चालवावा लागतो, विळी मात्र जागची हलत नाही, भाजीच तिच्याकडं न्यावी लागते. बाईसाहेबांचा थाट!

आता कोयता. तो समजून घ्यायचा तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात जायला हवं. इथं लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. कारखाना आला की ऊस आला आणि ऊस आला की कोयता. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर जास्त. मग शेंड्याचं वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची. थंडीत भल्या पहाटे काम सुरू होतं आणि धार गेली की कानशीनं पुन्हा लावायची.

आता हे गणित सोडवा. एका मुकादमाकडं पंधरा कोयते आहेत, तर माणसं किती?

पंधरा म्हणालात? चूक! तीस. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. एक तोडतो, दुसरं मोळी बांधतं, म्हणून हिशोब जोडीचा. हंगामाआधी मिळणारी 'उचल'ही जोडीलाच. एकानं आजारपणात सुट्टी घेतली तरी 'खाडा' पडतो, पैसे कापले जातात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून अशी कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास घर बंद करून निघतात. अर्धा कोयता पुरा व्हावा म्हणून कधी कधी मुलीचं लग्न अठराच्या आतच उरकून टाकतात. कायद्यानं तो गुन्हा आहे, तरीही.

आणि सोबत निघालेली दुसरी-तिसरीतली पोरं? ती कोयत्यात धरत नाहीत. ती कोपीजवळ धाकट्या भावंडाला सांभाळतात. काही गावांत हंगामी वसतिगृह असतं, मग त्यांना गावच्याच शाळेत राहता येतं. तुमच्या वर्गात दिवाळीनंतर एखादा बाक रिकामा होतो का? गुरुजींना विचारा, तो मित्र कुठल्या कारखान्यावर गेलाय.

पुढच्या अंकात अडकित्ता!