विश्लेषण : घर पसंत पडले, पण परिसराचे काय? कोणती शंका खरी, कोणती फुकाची?

घर पाहून झाले, दर ठरला, बँकेत कर्जाची फाईलही गेली. इसार द्यायच्या आदल्या दिवशी मात्र एखादा नातेवाईक म्हणतो, 'त्या भागात घेताय? तिकडे पाणी साचते म्हणे.' दुसरा म्हणतो, 'तिकडची वस्ती काही बरी नाही.' परभणीत घर किंवा प्लॉट घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांना हा अनुभव येतो. काही जण घाबरून सौदा मोडतात, काही जण सगळेच कानाआड करतात. दोन्हींत नुकसान आहे. प्रत्येक शंका सारख्या वजनाची नसते. ती कशी तोलायची, हा खरा प्रश्न आहे.

परिसराचा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

घरातली फरशी बदलता येते, गल्ली बदलता येत नाही. एकदा दस्त नोंदला की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी परत मिळत नाही, आणि कर्जाचे हप्ते 15-20 वर्षे चालतात. परभणीत आणखी एक अडचण आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3 लाखांच्या वर होती आणि त्याच वर्षी महापालिका अस्तित्वात आली. तेव्हापासून वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड अशा सगळ्या दिशांना शेतांचे प्लॉट पडत गेले. या वसाहती नव्या आहेत. तिथला पावसाळा कसा असतो, हे तिथे राहायला आलेल्यांपेक्षा जवळच्या शेतकऱ्याला जास्त ठाऊक असते. चौकशी त्याच्याकडेही करायला हवी.

पाणी येते कुठून, जाते कुठे?

शहराला येलदरी धरणातून पाणी मिळते. पण ते धरणात असणे वेगळे आणि नळाला येणे वेगळे. त्या गल्लीत जलवाहिनी पोहोचली आहे का, पाणी किती दिवसांआड येते, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, हे तीन प्रश्न विकणाऱ्याला नव्हे, तर शेजारच्या घरातल्या बाईंना विचारावेत. शेजाऱ्यांचे बोअर किती फूट खोल आहेत, यावरूनही बरेच कळते.

दुसरी बाजू साचणाऱ्या पाण्याची. परभणीची जमीन काळी आणि भारी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंतींना तडे जातात. ही माती पाणी लवकर जिरूही देत नाही. 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की महसूल विभाग त्याला अतिवृष्टी म्हणतो. 2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्याने अशी अतिवृष्टी पाहिली. त्या दोन दिवसांत या गल्लीत पाणी कुठवर आले होते, एवढा एक प्रश्न दहा जाहिरातींपेक्षा जास्त सांगून जातो. नदी जवळ असेल तर पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते.

कागदांवरून परिसर कळतो का?

बराचसा कळतो. अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन हातात घेऊन जागेवर जावे. नकाशात 9 मीटरचा दिसणारा रस्ता प्रत्यक्षात 9 मीटर आहे का? मोकळी जागा मोकळीच आहे का? नगररचना विभागाकडून भाग नकाशा आणि झोन दाखला घेतला की समोरच्या रिकाम्या जागेवर उद्या शाळा येणार की बाजार, याचा अंदाज येतो.

विनापरवाना पाडलेल्या प्लॉटसाठी राज्यात 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. पण नियमित झाल्याच्या दाखल्याने अरुंद गल्ली रुंद होत नाही आणि नाली आपोआप बांधली जात नाही. 'महारेरा'ची नोंदणी मोठ्या प्रकल्पांना बंधनकारक आहे. 500 चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा 8 पर्यंत सदनिका असतील तर सूट मिळते. परभणीसारख्या शहरात अशा छोट्या इमारती पुष्कळ असतात. तिथे सगळी तपासणी ग्राहकालाच करावी लागते.

आवाज आणि वर्दळ किती मनावर घ्यावी?

निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. मंगल कार्यालयाशेजारी लग्नसराईत ही मर्यादा पाळली जाते का, हे रविवारी दुपारी घर पाहून कळणार नाही. त्यासाठी लग्नतिथीच्या रात्री चक्कर मारावी लागते. मात्र वर्षातले काही दिवस आणि वर्षभराचा त्रास यांत फरक करावा. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात फेब्रुवारीत गर्दी होते, ती शहराच्या जगण्याचा भाग आहे. रोज पहाटे चालणारी पिठाची गिरणी किंवा वेल्डिंगचे दुकान ही वेगळी गोष्ट.

भविष्यही पाहावे. छत्रपती संभाजीनगर-परभणी या सुमारे 177 किलोमीटर लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली. रुळांलगत घर असेल तर पुढे गाड्या वाढणार, हे धरूनच चालावे. त्याच कारणाने प्रवास सोपा होऊन किमतीही वाढू शकतात.

'तिथे कोण राहते?' हा प्रश्न योग्य आहे का?

सर्वाधिक सौदे ज्या शंकेवर अडतात, ती उघड बोलली जात नाही. वस्ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे हळूच विचारले जाते. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला केवळ मराठी असल्याने कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा राज्यभर संताप उसळला आणि गुन्हाही नोंदवला गेला. तो संताप रास्त होता. मग तोच प्रश्न आपल्या गावात आपण विचारतो, तेव्हा तो रास्त कसा ठरतो?

कायद्याचा आधारही इथे अपुरा आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला होता. म्हणून हा प्रश्न शेवटी खरेदीदाराच्या विवेकावर येतो. सुरक्षेची काळजी असेल तर ती थेट तपासता येते. रात्री दिवे लागतात का, मुली शिकवणीहून सायकलवर एकट्या परततात का, पोलिस चौकी किती लांब आहे, हे पाहावे. आडनावांच्या पाट्यांवरून यातले काहीच कळत नाही. उलट त्या वाचून निवड करणारा आपल्याच पर्यायांची संख्या कमी करतो आणि मोजक्या वस्त्यांत जास्त दर मोजतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

शंकांची यादी करून तीन भाग पाडावेत. पहिला, पैशांनी सुटणाऱ्या अडचणी : बोअर, पाण्याची टाकी, जोते उंच करणे. हा खर्च काढून तो दरातून वजा करून मागावा. दुसरा, शेजारी आणि महापालिका मिळून सुटणाऱ्या : नाली, पथदिवे, कचरा गाडी. इथे वसाहतीत पाठपुरावा करणारी माणसे आहेत का, हे निर्णायक ठरते. एकोपा असलेली साधी वसाहत पुष्कळदा भांडणाऱ्या महागड्या वसाहतीपेक्षा बरी पडते. तिसरा, न सुटणाऱ्या : पूररेषेतली जागा, नाल्याच्या पात्रावरचा प्लॉट, वादातला सातबारा. यातली एक जरी निघाली तरी दर कितीही कमी असो, उठून यावे.

ज्यांचे बजेट कमी आहे, त्यांना सर्वगुणसंपन्न परिसर मिळणार नाही, हेही मान्य करायला हवे. पहिल्या दोन भागांतल्या उणिवा समजून-उमजून स्वीकारण्यात कमीपणा नाही. पाहुण्यांच्या 'म्हणे'वर चांगले घर सोडू नये आणि दलालाच्या 'होऊन जाईल'वर वाईट घर घेऊ नये. जून ते सप्टेंबरमधल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी त्या गल्लीत अर्धा तास उभे राहिले, तर दोघांपैकी कोण खरे बोलतो हे कळते.