नदीचा आराखडा आणि आपल्या चार ओळी

अकोल्याच्या मोर्णेत गेलेलं सांडपाणी पुढं कुठं जातं? मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, तरी तापीच्या मुखाशी पोहोचणाऱ्या घाणीत थोडा वाटा आपल्या मोहल्ल्यातल्या नालीचाही असतो.

आपलं स्वतःचं नुकसान तर त्याआधीच होतं. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कित्येक गावांत विहिरीचं पाणी खारट लागतं. जिथं जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं नाही, तिथं वरची नदीही नासवणं आपल्याला परवडणारं नाही.

१३ जानेवारी २०१८ रोजी मोर्णेच्या सफाईला सुमारे सहा हजार लोक उतरले होते. देशभर कौतुक झालं, ते योग्यच. पण जलकुंभी वाढते ती सांडपाण्यातल्या खतावर. वरची वेल काढली आणि नाले तसेच वाहू दिले, तर ती पुन्हा पसरणारच. त्यासाठी श्रमदानाच्या जोडीला पक्का आराखडा लागतो.

त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्यांत आपल्या पूर्णा आणि पेढीही. २० सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्रीय हरित लवादानं अशा नद्यांसाठी राज्यांना कृती आराखडे करायला सांगितलं.

आराखडे कार्यालयात बनतात. कोणता नाला पहाटे काळा-निळा वाहतो, कुठं कचऱ्याची गाडी येतच नाही, पावसाळ्यात पाणी कोणत्या घराच्या उंबऱ्यापर्यंत चढतं, हे मात्र नदीकाठच्या खाला आणि भाभींनाच ठाऊक. शिवाय सुशोभीकरणाच्या नावाखाली काठावरची घरं उठणार असतील, तर त्या कुटुंबांना आधी विचारलं गेलं पाहिजे.

म्हणून वर्तमानपत्रात 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी जाहिरात दिसली, की पान उलटू नका. मुदत पाहा आणि घरातल्या शिकत्या मुलीला कागद घ्यायला सांगा. चार ओळी पुरतात: ठिकाण कोणतं, काय घडतं, कोणत्या वेळी घडतं, आणि आपली मागणी काय. 'नदी स्वच्छ करा' एवढंच लिहिलं, तर कुणावरच काही बंधन येत नाही. 'अमुक पुलाखालचा नाला शुद्धीकरण केंद्राला कधी जोडणार, ती तारीख आराखड्यात लिहा' असं लिहिलं, की उत्तर द्यावं लागतं. मोहल्ल्यातल्या दहा घरांच्या सह्या घ्या. अर्जाची एक प्रत शिक्का मारून घरी ठेवा.

'आपलं कोण ऐकतं?' असं आम्हाला पालकसभेतही ऐकू येतं. दरवेळी ऐकतीलच, अशी हमी आम्ही देत नाही. पण नोंदलेल्या सूचनेचं पुढं काय झालं, हे माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जानं विचारता येतं, आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. न नोंदलेल्या तक्रारीबद्दल मात्र काहीच विचारता येत नाही.

या महिन्यात एवढंच करा. मुलांना घेऊन जवळच्या नाल्यापर्यंत चालत जा, तो नदीला कुठं मिळतो ते पाहा आणि वहीत टिपून ठेवा. जाहिरात येईल, तेव्हा पहिली ओळ तयार असेल.